चाचणी चालू असताना नंबर देऊ नये

ईडन प्रेरी
मिनेसोटा, २० जून २००५

दादा,
नमस्कार.

गेल्या जानेवारीत माझी गाडी हायवेच्या कडेला बंद पडली होती, ते तुला लिहिलं होतं. तेव्हापासून उल्हास माझ्यामागे लागलाय की तू एक मोबाइल घेऊन टाक. नवऱ्याला एकदा बायकोची काळजी वाटली की ती काळजी एखादी वस्तू घेतल्याशिवाय थांबत नाही. इथल्या मॉलमध्ये उघडमीट करायचे, कॅमेरावाले फोन आलेत, फार महागही नाहीत. त्यातला एक लाल आहे. पण मला त्यातलं काय कळतंय? तू जन्मभर रिफायनरीत व्हॉल्व्ह तपासलेस. तुझी सही झाल्याशिवाय तेलाचा थेंब पुढे जात नव्हता. तेव्हा जरा बघून सांग, यातला कुठला घ्यावा. घाई नाही, पण बर्फ पडायच्या आत कळलं तर बरं.

वहिनीला सांग, तिनं पाठवलेला गोडा मसाला पोचला. पार्सल उघडायच्या आधी पोस्टमननंच विचारलं, आत काय आहे.

तुझी
शरयू


शुगर लँड
टेक्सास, ९ जुलै २००५

चि. शरयू,
आशीर्वाद.

हा प्रश्न तू दुकानदाराला न विचारता मला विचारलास, हे योग्य केलंस. हल्ली आपल्या लोकांत वस्तू आधी घ्यायची आणि मग तिच्यात काय आहे ते बघायचं, अशी उलटी पद्धत पडली आहे. आमचा फ्रिज घेताना मी सव्वा वर्ष घेतलं. त्या सव्वा वर्षात सुचित्रानं बर्फाच्या पेटीवर संसार केला, पण फ्रिज अजून चालू आहे.

तू म्हणतेस तसाच एक स्वस्तातला फोन मी चाचणीसाठी आणला आहे. रंग राखाडी. लाल रंगाचा कामाशी संबंध नाही. बंद असताना साबणाच्या वडीएवढा दिसतो, उघडला की कानापासून हनुवटीपर्यंत नीट पोचतो. वर अँटेनाचं बोंड आहे, ते खिशाच्या शिवणीत अडकतं. झाकणावर बाहेरच्या बाजूला एक छोटी काच आहे, तिच्यात कोणाचा फोन येतोय ते दिसतं, म्हणजे न उघडताच टाळता येतो. ही सोय ज्यानं काढली तो विवाहित असावा. आकडे ठळक आहेत. कॅमेरा कशासाठी आहे हे मला कळलेलं नाही. उद्या इस्त्रीला रेडिओ लावतील.

अशा फोनचा सगळा जीव बिजागरीत. म्हणून बातम्या बघताना मी तो सतत उघडतो आणि मिटतो. सुचित्रा हल्ली बातम्या आतल्या खोलीत बघते. रोज संध्याकाळी मी गराजमधून घरच्या फोनवर कॉल करून ‘ऐकू येतंय का’ विचारतो, ती उचलून ‘ऐकू येतंय’ असं म्हणते. दुसरं काही बोलायचं नाही असं ठरवलं आहे, कारण वाक्य बदललं की आवाजाची तुलना करता येत नाही.

फोनचा नंबर कोणालाही दिलेला नाही. चाचणी चालू असताना बाहेरचे कॉल आले तर बॅटरीचा अंदाज बिघडतो. निष्कर्ष निघेपर्यंत तू काहीही घेऊ नकोस.

तुझा
दादा


ईडन प्रेरी
२५ जुलै २००५

वहिनी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावानं पाठवतेय. दादाच्या टपालात मिसळू देऊ नकोस.

मी फोन घेतला. लालच. दादाला पत्र टाकलं आणि पुढच्याच आठवड्यात मॉलमध्ये गेले तर तो समोर दिसला. बिजागरी बघितली नाही, बॅटरी विचारली नाही. दुकानातल्या मुलीनं ‘हा तुम्हाला छान दिसतोय’ म्हटलं आणि मी ‘दे’ म्हटलं. आमच्या चैत्रालीनं बेलव्ह्यूहून माझ्या नातवाचा फोटो पाठवला, तो मी किराण्याच्या रांगेत उभी राहून बघितला. माझ्यामागच्या बाईलाही दाखवला. मग दादाचं पत्र आलं आणि मला सांगायचा धीर होईना. रिटायर झाल्यापासून त्याला तपासायला काही मिळालं नव्हतं. आता मिळालंय तर रमू दे.

पण वहिनी, त्याच्याकडे फोन आणि तुझ्याकडे नाही, हे काय? तूही एक घे ना.

शरयू


शुगर लँड
२८ ऑगस्ट २००५

चि. शरयू,
आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, त्यावरून तू धीर धरून आहेस असं दिसतं. हा अंतरिम अहवाल समज.

उष्णतेची चाचणी: फोन दुपारभर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला. ऑगस्टमधल्या ह्यूस्टनचं ऊन काय असतं ते तुला माहीत आहे. फोनला काही झालं नाही. शेजारी सुचित्राची भजनाची कॅसेट होती, ती वाकडी झाली.

पडण्याची चाचणी: सोफ्यावरून आणि जेवणाच्या खुर्चीवरून गालिच्यावर पाडला. उत्तीर्ण. फरशीवर पाडण्याचं धैर्य अजून झालेलं नाही.

कॅमेरा: इच्छा नसताना तपासला, कारण तो किमतीत धरलेला आहे. स्वयंपाकघरातला नळ, पॅन्ट्रीतल्या डाळींच्या बरण्या, गराजमधले रंगाचे डबे आणि छताचा पंखा वेगवेगळ्या वेगांना, असे फोटो घेतले. उजेडात बरा, अंधारात सगळं तुरीच्या वरणासारखं दिसतं. माणसांचे फोटो घेतलेले नाहीत, कारण माणसं हलतात. सुचित्रा एकदा मधे आली होती, तिला बाजूला व्हायला सांगितलं. आता मेमरी भरत आली आहे.

टेक्स्ट मेसेज: एका अक्षरासाठी एकच बटन तीन तीनदा टोचावं लागतं. ज्याला बोलता येतं त्यानं या फंदात पडू नये.

सुचित्रा परवा विचारत होती, तिलाही असाच एक घेऊ या का. मी म्हटलं, तुला फोन करणार कोण? मीच ना? मी तर घरीच असतो. यावर ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं.

तुझा
दादा


शुगर लँड
२९ सप्टेंबर २००५

चि. शरयू,
आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत. रीटा वादळ पूर्वेकडे वळलं. घराला काही झालेलं नाही, मागच्या कुंपणाची एक फळी निघाली. या निमित्तानं फोनची प्रत्यक्ष परिस्थितीत चाचणी झाली. कामगिरी समाधानकारक. दरम्यान काही काळ सुचित्रा आणि मी वेगवेगळ्या ठिकाणी होतो.

तुझ्याकडे फोन असल्याचं मला त्याच दिवशी कळलं. त्याबद्दल नंतर सविस्तर लिहीन.

तुझा
दादा


शुगर लँड
४ ऑक्टोबर २००५

शरयू,

तुझ्या दादाचं पत्र टाकायच्या आधी मी वाचलं. ‘काही काळ वेगवेगळ्या ठिकाणी होतो.’ एवढंच. म्हणून आता मी लिहायला बसले आहे. त्या दिवशी तू आमच्या दोघांमधली टेलिफोन ऑपरेटर होतीस, तेव्हा अर्धं तुला ठाऊकच आहे. माझ्या बाजूचं ऐक.

गुरुवारी सकाळी आम्ही ऑस्टिनला उत्तराच्या घरी जायला निघालो. माझी कॉलेजातली मैत्रीण, तिनं केव्हाच सांगून ठेवलं होतं, या म्हणून. अख्खं ह्यूस्टन त्याच रस्त्यावर होतं. गाड्या चालत नव्हत्या, सरकत होत्या. पेट्रोल वाचवायला एसी बंद केला आणि आम्ही दोघं घाम पुसत राहिलो. दुपारपर्यंत काटा खाली आला. लांबवर पेट्रोल पंपाची पाटी दिसत होती. हे म्हणाले, मी चालत जाऊन पेट्रोल आहे का बघून येतो. मी म्हटलं, फोन तरी माझ्याकडे ठेवा. तर म्हणाले, तुला तो वापरता येत नाही, आणि मोकळ्यावर सिग्नल कसा येतो ते मला बघायचंच आहे. आणि गेले.

ते दिसेनासे झाले आणि रस्ता हलला. पोलिसांनी समोरच्या बाजूच्याही लेन आम्हाला उघडून दिल्या होत्या. मागून हॉर्न, पोलीस हात करतोय चला चला. मी सरकून स्टिअरिंगवर बसले. मी ब्रेक उशिरा दाबते असा निकाल तुझ्या दादानं फार वर्षांपूर्वी दिला होता, तेव्हापासून माझं ड्रायव्हिंग किराण्याच्या दुकानापर्यंत. हायवेवर मी कधी एकटी नव्हतेच. पण खरं सांगू, गाडी चालवायला भीती वाटली नाही. भीती वाटली ती आरशात बघायची. मागे कोणी धावत येतंय का, ते बघायची. थांबता येत नव्हतं ना.

पुढे एका गावाशी पोलिसांनी आम्हाला रस्त्यावरून खाली उतरवून एका शाळेच्या मैदानात नेलं. माझ्या शेजारच्या गाडीत एक बाई होती, दोन मुलं आणि पिंजऱ्यात पोपट. मला रडू आलेलं तिनं बघितलं आणि आपणहून फोन पुढे केला. म्हणाली, नवऱ्याला फोन कर. मी फोन उघडला आणि तशीच बसून राहिले. मला नंबर माहीत नव्हता. अगं, दोन महिने रोज संध्याकाळी तो फोन माझ्या कानात ‘ऐकू येतंय का’ म्हणून विचारत होता, आणि त्याचा नंबर मला माहीत नव्हता.

तोंडपाठ असलेला एकच नंबर म्हणजे तुझ्या घरचा. कितीतरी वेळा लावला तेव्हा एकदाचा लागला. तू ‘वहिनी!’ म्हणून ओरडलीस आणि सांगितलंस की दादाचा फोन आत्ताच येऊन गेला. परत आले तर जागेवर गाडी नव्हती, कोणीतरी त्यांना पिकअपमध्ये घालून एका चर्चमध्ये सोडलं. कुठलं चर्च, कुठलं गाव, काही सांगता येईना. तू त्यांचा नंबर विचारलास तर म्हणाले, तो घरी खोक्यावर लिहिला आहे. तेव्हा तुझं बिंग तुलाच फोडावं लागलं. म्हणालीस, माझ्या मोबाइलवर फोटो पाठव, म्हणजे नंबरही येईल. तिकडे लोक पाण्याच्या बाटलीसाठी रांगेत उभे आणि हा माणूस तुला विचारतोय, अहवाल पूर्ण व्हायच्या आत तू फोन घेतलासच कसा?

फोटो आला तर त्यात अर्ध्यावर त्यांचा अंगठा. पाटीवरच्या नावाचं फक्त शेपूट वाचता येत होतं, ‘...इस्ट चर्च’. बॅप्टिस्ट असो की मेथडिस्ट, टेक्सासमध्ये असं चर्च नसलेलं गाव शोधावं लागेल. मग तू म्हणालीस, वहिनी, मागे एक पाण्याची टाकी आहे, तिच्यावर बैलाचं तोंड रंगवलंय. मी मान वर केली. शाळेच्या छपरामागून तोच बैल माझ्याकडे बघत होता.

पुढचं तुला माहीत नाही.

काटा पार टेकला होता, तरी गाडी पोचली. चर्चच्या दारात पांढऱ्या केसांची एक बाई नावं लिहून घेत होती. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, तुम्ही सुचित्रा का? मी हो म्हटलं. तर माझा हात धरून म्हणाली, तुमची पॅन्ट्री फार नीटनेटकी आहे.

मला वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलंय. मग तिनं सांगितलं. इतर चर्चमध्ये कळवायचं म्हणून तिनं ह्यांना विचारलं होतं, बायको दिसते कशी, आज काय घातलंय. ह्यांना सांगता येईना. म्हणाले, साडी नाही, एवढं नक्की. तिनं विचारलं, फोटो आहे का? ह्यांनी फोन उघडला आणि एकेक दाखवायला लागले. नळ. बरण्या. पंखा. रंगाचे डबे. ती बिचारी सगळे बघत उभी राहिली. शेवटपर्यंत गेले, मी कुठेच नव्हते. मग परत पहिल्यापासून बघायला लागले. बरण्यांच्या एका फोटोत, अगदी कडेला, दाराशी, माझं कोपर सापडलं. ते त्यांनी तिला दाखवलं. म्हणाले, ही माझी बायको.

आत गेले तर ते खुर्चीवर बसले होते. मला बघून उठले. म्हणाले, “गाडी कुठे आहे?”

मी म्हटलं, “बाहेर.”

“कोणी चालवली?”

“मीच.”

मग ते परत खाली बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत.

घरी परतताना मी फोन मागितला. त्यांनी दिला. आता तो माझ्याकडे असतो. नळ, पंखा, डबे सगळं मी पुसून टाकलं. कोपर ठेवलंय.

सुचित्रा


ईडन प्रेरी
१५ ऑक्टोबर २००५

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा उल्हासला वाचून दाखवायला गेले आणि मधेच थांबले.

एक गोष्ट मी तुला सांगणार नव्हते, पण आता सांगते. त्या दिवशी दादानं मलाही विचारलं होतं, सुचित्रानं आज काय घातलंय म्हणून. मला, मिनेसोटात बसलेल्या. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी अंदाजानं निळी कुर्ती म्हटलं, कारण त्याला काहीतरी उत्तर हवं होतं.

तू इकडे ये. कारण शोधू नकोस, माझा गुडघा दुखतोय म्हणून सांग. तो खरंच दुखतो. येताना फोन आण.

शरयू


शुगर लँड
१४ नोव्हेंबर २००५

चि. शरयू,
आशीर्वाद.

तुझा गुडघा बरा असेल. सुचित्रा दोन आठवड्यांसाठी म्हणून आली, ती अजून तिथेच आहे. मी त्याबद्दल लिहीत नाही. लिहितो आहे ते फोनबद्दल.

फोनमध्ये दोष आहे. मी रोज कॉल करतो, पलीकडे वाजतो, पण जोडला जात नाही. आधी मला सिग्नलची शंका आली. आता वाटतं, थंडीत बॅटरी दगा देत असावी. थंडीची चाचणी इथे करता आली नव्हती. मी तो फ्रिजमध्ये ठेवणार होतो, पण सुचित्रानं ताकाच्या पातेल्याशेजारी ठेवू दिला नाही. तेव्हा तू कृपया बॅटरी, सिग्नल आणि बाहेरची काच तपासून कळव.

बाकी ठीक. मी स्वतः वरण केलं होतं. हळद कुठल्या बरणीत आहे ते सापडलं नाही, म्हणून पांढरं झालं. मंडळाच्या दिवाळीला गेलो होतो, सगळे विचारत होते, वहिनी कुठे आहेत. मी सांगितलं, शरयूचा गुडघा. घर शांत आहे. बातम्या बाहेरच्या खोलीत बघतो, आतल्या खोलीत कोणी नाही.

तुझा
दादा


ईडन प्रेरी
२२ नोव्हेंबर २००५

दादा,

तू सांगितलंस तसा फोन तपासला. बॅटरी भरलेली आहे. सिग्नल पुरेपूर. बाहेरची काच उत्तम चालते. तिच्यावर तुझं नाव येतं, वहिनी ते वाचते आणि फोन टेबलावर ठेवते. दोष सापडला नाही.

काल मी तिला सरळ विचारलं, का उचलत नाहीस. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “उचलला की ते विचारतात, ऐकू येतंय का. मला ऐकू येतं, शरयू. पण त्यानंतर ते काही बोलतच नाहीत.”

मला वाटलं, हे तुला कळायला हवं. ती तुझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर मी तिची समजूत घातली असती. ती इथे मजेत आहे, आणि त्याचीच मला काळजी वाटते. रोज उल्हासची गाडी घेऊन लायब्ररीत जाते. परवा तिथे कोणाशी तरी बोलत हसत उभी होती, मी लांबून बघितलं तर मला क्षणभर ओळखूच आली नाही.

परत कधी जाणार, हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ते तू विचार. आणि हे बघ, सांगू नकोस, विचार.

शरयू


शुगर लँड
१ डिसेंबर २००५

चि. शरयू,

काल सकाळी फोन केला. तिनं उचलला. मी ‘ऐकू येतंय का’ असं विचारलं नाही. काय विचारावं ते आधी ठरवलं नव्हतं, म्हणून ‘जेवलीस का’ म्हटलं. ती म्हणाली, अहो, सकाळचे नऊ वाजलेत.

मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. पूर्वी असं झालं असतं तर मी फोन ठेवला असता. ठेवला नाही. त्या दिवशी मी पंपावरून परत आलो आणि गाडी होती त्या जागी दुसऱ्याच कोणाची गाडी उभी होती, तेव्हा मला काय वाटलं, ते तिला सांगितलं. तुला लिहीत नाही. तिला सांगितलं आहे. ती ऐकत होती. मधे एकदा मीच विचारलं, आहेस ना? ती म्हणाली, आहे.

मग ती बोलली. बराच वेळ बोलली. लायब्ररीतल्या तिच्या मैत्रिणीबद्दल, तुझ्या आणि उल्हासच्या भांडणांबद्दल, तू पत्त्यांत लबाडी करतेस त्याबद्दल. इतकं काही तिच्याकडे सांगण्यासारखं असेल, याची मला कल्पना नव्हती.

परत कधी येतेस, असं विचारलं. म्हणाली, ते अजून ठरवलं नाही, पण तुम्हीच या इकडे. घरामागचं तळं गोठायला लागलंय, बघायला या. मी विचारलं, बर्फाची जाडी कोणी मोजली आहे का? ती हसली. किती हसली ते तू ऐकलं असशीलच, तुझ्याच घरात होती.

तिकीट काढलं. दहा तारखेला, शनिवारी येतो. दुसऱ्या विमान कंपन्यांकडे चौकशी केली नाही. परतीची तारीखही घातलेली नाही, तिकीट काढून देणारी मुलगी दोनदा विचारत होती. जाड कोट माझ्याकडे नाही, उल्हासचा एखादा चालेल. तुम्ही दोघांनी विमानतळावर येऊ नये. सुचित्रा म्हणाली, मी एकटी येईन घ्यायला. बर्फ पडणार आहे असं बातम्यांत सांगत होते. रस्ते निसरडे असतील, हे मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे.

मी बरं म्हणालो.

दादा